तिरकं, तिरपं, तिरकस… की सरळ वाकडंच म्हणायचं?

जांभळी_बटणं

मंडळी एक शंका आहे, हसू नका. आमच्या शिवणक्लासच्या नोट्स मी मराठीत टाइप करून देतेय, कारण क्लासमधल्या निम्म्या बायकांना इंग्रजी पुस्तक घेऊन बसायला वेळ नाही आणि व्हिडिओ बघावेत तर बहुतेक हिंदीत. गळ्याच्या पट्टीचा धडा चालू आहे. मी लिहिलं 'कापड तिरकस कापावे'. क्लासच्या ताईंनी वाचलं आणि म्हणाल्या, तिरकस बोलणं असतं गं, कापड नाही. शेजारची सोलापूरकडची मैत्रीण म्हणे तिरकं लिही, मला तिरपं बरं वाटत होतं, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं 'वाकडं कापायचं असं लिही ना सरळ'. वाकडं कापायला क्लास कशाला लागतो, ते आम्हाला घरबसल्या येतं.

तर प्रश्न असा की तिरका, तिरपा, तिरकस, कलता, वाकडा हे सगळं एकच का? कोश उघडला तर एकाचा अर्थ म्हणून दुसरा दिलाय आणि दुसऱ्याचा म्हणून पहिला, गोल फिरून परत घरी. तुम्ही रोजच्या बोलण्यात कुठे कुठला वापरता ते सांगा. व्याख्या नकोत, उदाहरणं द्या.

सुईदोरा

अगं कापडापुरतं बोलायचं तर ह्या पाचातलं एकही नको. 'उरेब' लिही. टेलरकडे गेलीस तर तो 'क्रॉस पट्टी' म्हणेल, तेही चालतं, पण क्लासमध्ये उरेबच शिकवतात आणि परीक्षेच्या पेपरात पण तेच येतं.

आणि उरेब म्हणजे कसंही तिरपं नाही हं, खरी मेख तिथेच आहे. कापडात उभे धागे असतात आणि आडवे असतात, ताणा आणि बाणा, त्या दोघांच्या बरोब्बर मधून, ४५ अंशात जो काप जातो तो उरेब. कापड उभं ओढून बघ, ढिम्म हलत नाही. आडवं ओढलंस तर अगदी जरासं. पण समोरासमोरचे कोपरे धरून ओढ, मग बघ कसं लांबतं आणि सोडलं की परत येतं. गळ्याला उरेब पट्टी लावतात ती ह्यासाठीच. गळा गोल असतो, सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या टाकते आणि मग इस्त्री फिरवून हात दुखले तरी त्या चुण्या बसत नाहीत.

काढायची कशी ते पण नोट्समध्ये टाक. कापडाचा एक कोपरा उचलायचा, किनार आडव्या कडेवर आणून टेकवायची, त्रिकोण झाला ना, त्याची जी घडी पडली ती उरेब रेघ. घडीवर नख फिरवायचं, उलगडायचं, खडूने रेघ मारायची आणि तिथून सव्वा सव्वा इंचाच्या पट्ट्या आखत जायचं. नुसतं 'तिरपं कापा' असं लिहिलंस तर एक जण ३० अंशात कापेल, दुसरी ६० मध्ये, दोघीही म्हणतील आम्ही तिरपंच कापलं की, आणि दोघींचं बरोबरच असेल, फक्त गळे बिघडलेले असतील.

पीजे_पाटील

मी वाकडला राहतो. इतकंच सांगायचं होतं, सरळ पत्ता सांगितला तरी लोक हसतात.

ओळंबा

आमच्या धंद्यातलं सांगतो, साइट सुपरवायजर आहे, वीस माणसं हाताखाली. दिवसभर वाकडं-सरळ हाच धंदा, पण तिरका किंवा तिरपा हे शब्द साइटवर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, कारण नुसतं तिरकं म्हटलं तर मिस्त्री विचारणार, कशाला तिरकं? त्याला कशाच्या हिशेबाने बिघडलंय ते कळायला लागतं. भिंत उभ्यात बिघडली तर 'ओळंब्यात नाही'. कोपरा काटकोनात बसत नसेल तर 'गुण्यात नाही'. फरशी आडव्यात बिघडली तर 'लेव्हल नाही', जुनी माणसं 'पाणसळीत नाही' म्हणतात. तीन बिघाड, तीन अवजारं, आणि अवजाराचंच नाव बिघाडाला.

ओळंबा बघितला नसेल त्यांच्यासाठी. दोरीच्या टोकाला पितळेचं किंवा लोखंडाचं वजन, आणि दोरीत ओवलेली एक चकती, तिची रुंदी खालच्या वजनाइतकीच. चकती भिंतीच्या वरच्या अंगाला टेकवायची आणि वजन खाली सोडायचं. वजन भिंतीला जेमतेम लागून स्थिर राहिलं तर भिंत ओळंब्यात. वजन भिंतीपासून लांब लोंबकळलं तर भिंत खाली आत गेली, म्हणजेच वर बाहेर आली, आणि वजन भिंतीवर रेलून बसलं तर उलटं. लेझरवाली मशीन आली तरी आमचा मुख्य मिस्त्री शेवटी खिशातून ओळंबा काढतोच, मशीनची बॅटरी उतरते म्हणतो, पृथ्वीची उतरत नाही.

आणि एक तिरपेपणा असा आहे जो मुद्दाम करतात, त्याला 'ढाळ'. बाथरूमला ढाळ, टेरेसला ढाळ, पाणी जाळीकडे जावं म्हणून. मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर, डोळ्याला दिसत पण नाही. ढाळ कोणी तिरपा म्हणत नाही, ढाळ 'काढला' किंवा ढाळ 'चुकला'. मी स्वतः भाड्याने राहतो त्या घरात बाथरूमचा ढाळ दरवाज्याकडे आहे, कोणी काढला देव जाणे, रोज अंघोळ झाली की वायपर घेऊन पाण्याला रस्ता दाखवावा लागतो. म्हणून सांगतो, फ्लॅट ताब्यात घेताना रंग आणि नळ बघत बसू नका, एक मग पाणी ओता आणि कुठे जातंय ते बघा.

जांभळी_बटणं

@सुईदोरा ताई तुम्ही माझा अर्धा धडा लिहून दिलात. क्लासच्या ताईंना दाखवते.

@ओळंबा दादा, म्हणजे धंद्यात तिरका हा शब्द कामाचाच नाही असं झालं की. शिंप्याला उरेब लागतो, गवंड्याला ढाळ आणि ओळंबा. मग तिरका वापरतं कोण?

शब्दकिडा

तिरका वापरतो तो बघणारा, करणारा नाही. म्हणजे असं की ज्याला ते काम करायचंय त्याच्याकडे मोजमापाचा नेमका शब्द असतो, आणि जो लांबून बघतोय त्याला नुसतं सरळ नाही एवढंच सांगायचं असतं, तो तिरका म्हणून मोकळा होतो.

तिरका, तिरपा, तिरकस, तिरळा ह्या सगळ्यांच्या मागे संस्कृतातला तिर्यक् आहे. तिर्यक् म्हणजे आडवा किंवा तिरपा जाणारा, आणि जुन्या ग्रंथांत पशुपक्ष्यांना तिर्यक् योनी म्हणतात ते पण ह्याच कारणाने, माणूस उभा चालतो आणि ती आडव्या अंगाने चालतात म्हणून. हिंदीतला तिरछा त्याच घरातला. सुईदोरा ताईंचा उरेब मात्र फारसीतून आलेला आहे, तिकडेही अर्थ तिरपा असाच. शिंप्याने तो घेऊन ४५ अंशावर ठोकून बसवला.

आता भाऊ चार पण चौघांचे स्वभाव वेगळे. तिरळा फक्त डोळ्यापुरता उरलाय, तिरळी भिंत कोणी म्हणत नाही. तिरकस हा जवळजवळ पूर्ण तोंडात गेलाय, तिरकस बोलणं, तिरकस शेरा, तिरकस प्रश्न, त्यामुळे तुमच्या ताईंच्या कानाला तिरकस कापड खटकलं ते बरोबर आहे. पूर्वी किरणं आणि रेषासुद्धा तिरकस असायच्या, आमचे भूगोलाचे सर 'तिरकस किरणे' असंच म्हणायचे, पण आता तो शब्द ऐकला की आधी एखादी खवचट काकूच डोळ्यासमोर येते.

उरले तिरका आणि तिरपा. माझ्या कानाला तिरका हा हालचालीला आणि माणसाला बसतो. टोपी तिरकी, मान तिरकी, नजर तिरकी, खेकड्याची चाल तिरकी. बुद्धिबळात हत्ती सरळ जातो आणि उंट तिरका, प्यादं चालतं सरळ पण मारतं तिरकं. तिथे कोणी 'उंट तिरपा चालतो' म्हटलं तर मी वर बघेन. तिरपा हा उन्हाला, पावसाला, रेघेला. उन्हाची तिरीप म्हणतो बघा आपण, दाराच्या फटीतून घरात येणारी, ती आणि तिरपा एकाच घरचे.

लातूर_एक्सप्रेस

शब्दकिडा साहेब फरक छान सांगितला पण हा तुमचा फरक झाला, आमच्याकडचा नाही. आमच्या घरात ऊन पण तिरकं, पाऊस पण तिरका, शेताचा बांध तिरका, आणि आज्जीच्या मते आमचे चुलते पण तिरके. तिरपा हा शब्द मी पहिल्यांदा शाळेच्या पुस्तकात वाचला. त्यामुळे बुद्धिबळात उंट तिरपा म्हटला तर वर बघू नका, खाली पटावर बघा, उंट पोचलेला असंल.

बाकी एक आठवलं. शेतात 'उताराला आडवं पेरा' म्हणून कृषी सहायक कायम सांगतात. इथे तिरकं पण नाही आणि तिरपं पण नाही, उतार आणि आडवं. उताराच्या दिशेने नांगरलं तर प्रत्येक तास (नांगराने पडलेली चर) म्हणजे पाण्याला पाट, पहिल्याच वळवाच्या पावसात माती खालच्याच्या शेतात. आडवं नांगरलं की प्रत्येक तासात पाणी अडतं, मुरतं. आमचं रान एका कोपऱ्याकडे उतरतं, म्हणजे बांधाच्या हिशेबाने आडवं नांगरलं तर उताराला तिरकं जातं, आणि उताराला आडवं धरलं तर बांधाला तिरकं. ट्रॅक्टरवाला बांधाकडे बघतो, पाणी उताराकडे. वडील दरवर्षी ट्रॅक्टरपुढे चालत जाऊन तास दाखवतात, ट्रॅक्टरवाला वैतागतो कारण कोपऱ्यात वळताना त्याचं डिझेल जातं.

शब्दकिडा

@लातूर_एक्सप्रेस मान्य, तिरका-तिरप्याची हद्द मी माझ्या पुणेरी कानाने आखलेली आहे. पण तिरकसवर तरी एकमत होईल ना?

लातूर_एक्सप्रेस

होईल. चुलते तिरके पण बोलतात तिरकसच.

कोल्हापुरी_चप्पल

किरणांचा विषय निघालाय म्हणून. आमच्या अंबाबाईचा किरणोत्सव ऐकला असाल सगळ्यांनी. देऊळ पश्चिमाभिमुख, ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडपातून पुढं सरकत गाभाऱ्यापर्यंत. पहिल्या दिवशी पायावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. गर्दी एवढी असती की किरणं आत जात्यात पण माणूस जात नाही. आणि वाटेत इमारती आल्या, ढग आले, धूळ असली की किरणं मध्येच अडकतात, मग दुसऱ्या दिवशी पेपरात 'किरणे कमरेपर्यंतच पोहोचली' म्हणून बातमी.

आता माझा प्रश्न. ह्या किरणांना आम्ही सगळे बिनदिक्कत 'तिरपी किरणं' म्हणतो. पण सूर्य तर तेव्हा क्षितिजाला टेकलेला असतो, किरणं जवळजवळ जमिनीला समांतर येतात. मग ती तिरपी का आडवी?

खगोलवेडा

वा, हा प्रश्न मस्त आहे. उत्तर असं की उभ्यात बघितलं तर आडवी, आणि दिशेत बघितलं तर तिरपी. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेपासून दक्षिणेकडे सरकलेला असतो, दररोज थोडा थोडा आणखी दक्षिणेला. २१-२२ डिसेंबरला तो सगळ्यात दक्षिणेला जातो आणि मग परत फिरतो. १० नोव्हेंबरपासून तिथपर्यंत साधारण सहा आठवडे, आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत पुन्हा साधारण सहा आठवडे. म्हणजे जाताना सूर्य ज्या जागी मावळला त्याच जागी येताना परत मावळतो, म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा. ज्याने ते देऊळ त्या रेषेत बसवलं त्याच्याकडे ओळंबा दादांच्या मिस्त्रीपेक्षा बरी नजर होती म्हणायची. (दादा रागावू नका.)

आणि हे सगळं कशामुळे, तर पृथ्वीचा अक्ष २३.५ अंशांनी कललेला आहे म्हणून. इथे बघा शाळेच्या पुस्तकात पण अक्ष 'कललेला' असतो आणि किरणं 'तिरपी', उलटं कोणी लिहीत नाही. किरण जातो, अक्ष तसाच उभा राहतो. जाणाऱ्याला तिरपा आणि उभ्या असलेल्याला कललेला, असं मला वाटतं.

तिरप्या किरणांनी थंडी का पडते ते पण सांगून टाकतो. सूर्य डोक्यावर असला की उजेडाचा एक झोत जेवढ्या जमिनीवर पडतो, तोच झोत सूर्य क्षितिजापासून ३० अंशावर असताना दुप्पट जमिनीवर पसरतो. ऊब तेवढीच, वाटेकरी दुप्पट. आणि अजिबात तिरपी नसलेली किरणं बघायची असतील तर शून्य सावली दिवस. पुण्यात साधारण मेच्या मध्याला, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी, आणि मग सूर्य परत दक्षिणेकडे येताना जुलैमध्ये पुन्हा, पण तेव्हा आभाळ असतं त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली येतो म्हणून आपल्याकडे हे होतं, दिल्लीवाल्यांची सावली दुपारी बारालाही थोडी तिरपी पडतेच.

कोल्हापुरी_चप्पल

सावली तिरपी पडत नाही ओ, लांब पडते. किरण तिरपा, सावली लांब.

खगोलवेडा

हो बरोबर, सावली लांब. तुमच्याशी वाद नको, अजून महालक्ष्मीच्या रांगेत उभं राहायचंय.

पागोळी

दापोलीहून. आमच्याकडे पाऊस सरळ पडतच नाही, जूनच्या शेवटी वारा सुटला की छत्रीचा काही उपयोग नाही, पाऊस समोरून येतो. पण आम्ही 'तिरपा पाऊस' असं फारसं म्हणत नाही, 'झड आत येते' म्हणतो. पडवीत झड येते, खिडकीतून झड येते, म्हणून पावसाआधी पडवीच्या वाऱ्याच्या अंगाला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधतात, आता लोक निळं प्लास्टिक लावतात.

छपराला पण तिरपं म्हणत नाहीत. उतरतं छप्पर म्हणतात, आणि छपराची एकेक उतरती बाजू म्हणजे पाखं. दोन बाजूंनी उतरतं ते दुपाखी घर, चारी बाजूंनी उतरतं ते चौपाखी. वरती मधोमध आढं, तिथून दोन्हीकडे वासे, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौलं. पाख्याला उतार कमी पडला की कौलांच्या खालून पाणी मागे चढतं आणि घरात गळतं, जास्त झाला तर कौलं घसरतात. आमच्या शेजारी मुंबईच्या कोणीतरी बंगला बांधला, दिसायला छान म्हणून छप्पर जवळजवळ सपाट ठेवलं, पहिल्याच पावसात आतमध्ये बादल्यांची रांग. आता त्यावर पत्रा घालून घेतलाय, पत्रा मात्र नीट उतरता.

आणि हो, घरात तिरकं म्हणतो ते कोथिंबिरीच्या वड्यांना आणि बर्फीला. वड्या चौकोनी नको, तिरक्या पाड, असं आई सांगते. दोन पाहुणे जास्त आले की मात्र चौकोनी, कारण तिरक्या पाडल्या की कडेचे तुकडे वाया जातात. वाया म्हणजे माझ्या पोटात.

टेकू

वाकडा आणि कलता हे कोणी नीट धरलं नाही म्हणून लिहितो.

कलता म्हटलं की त्यात वजन आलं आणि पडण्याची भीती आली. रेघ तिरपी असते, ती पडत नाही. भिंत कलते, झाड कलतं, तराजूचं पारडं कलतं. आणि कललेलं पुढे गेलं की कलंडतं. हंडा जरा कलता करून पाणी घ्यायचं, हात सुटला की हंडा कलंडला. दिवस कलला, सूर्य कलला, तिथेही खाली जाणंच आहे. मतमोजणीच्या दिवशी टीव्हीवर सकाळपासून 'कल' दाखवतात, पोरांची कलचाचणी असते, ते सुद्धा ह्यातलंच, पारडं कुठे झुकतंय एवढं कळलंय, पडलं अजून कुठेच नाही.

वाकडा मात्र आतून वाकलेला असतो. खिळा ठोकताना तिरपा गेला तर तो सरळच असतो, फक्त कोनात गेलेला, उपटून परत ठोकता येतो. वाकडा झाला तर टाकून द्यायचा. आणि वाकड्यात दोष आलाच, म्हणून 'नाचता येईना अंगण वाकडं', म्हणून वाकड्यात शिरणं, म्हणून वाकडी नजर. तिरकी नजर आवडीची पण असू शकते, वाकडी नजर कधीच नाही. मागून 'वाकडं कापायचं' म्हणाल्या त्या बाईंना हे सांगा.

आता पिसाचा मनोरा घ्या. आपण त्याला कलता मनोरा म्हणतो, झुकता म्हणतो, वाकडा मनोरा म्हटलं तर चूक धरतात. ११७३ मध्ये काम सुरू झालं, तिसऱ्या मजल्यापर्यंत आले तोवर खालची माती भुसभुशीत निघाली आणि मनोरा कलायला लागला. पुढे मध्ये बरीच वर्षं काम बंद, परत सुरू केलं तेव्हा गवंड्यांनी काय केलं, वरचे मजले सरळ दिसावेत म्हणून कललेल्या बाजूला थोडे उंच बांधले. त्यामुळे तो मनोरा एका बाजूला कललेला तर आहेच, पण शिवाय मधून किंचित वळलेला पण आहे, केळ्यासारखा. म्हणजे कलता आणि वाकडा दोन्ही, चूक धरणाऱ्यांना सांगून टाका. १९९० मध्ये पडेल म्हणून बंद केला, मग ज्या बाजूला तो वर उचलला गेला होता त्या बाजूची माती खालून हळूहळू काढून त्याला थोडा मागे बसवला, साडेपाच अंशांवरून साधारण चारवर आणला, आणि २००१ मध्ये परत लोकांना चढायला खुला. पूर्ण सरळ करायचा विचारच नव्हता, सरळ मनोरा बघायला कोण जाणार तिकडे.

कललेलं देऊळ बघायचं असेल तर इटलीला जायची गरज नाही, काशीला मणिकर्णिका घाटाजवळ रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, चांगलं डोळ्याला दिसेल इतकं मागे कललेलं. पावसाळ्यात गाभारा पाण्याखाली जातो.

ओळंबा

@टेकू मजले एका बाजूला उंच बांधून कल लपवायचा हा उद्योग आठशे वर्षांपूर्वीचा आहे हे वाचून बरं वाटलं, आमच्याकडे प्लास्टरने करतात. भिंत वर बाहेर गेली की खाली प्लास्टर जाड, वर पातळ, वरून रंग मारला की मालक खूश. ड्रिल मारताना एका ठिकाणी अर्ध्या इंचात वीट लागते आणि एका ठिकाणी दोन इंच नुसता सिमेंटचा भुगा, तेव्हा समजायचं.

जांभळी_बटणं

सगळ्यांना धन्यवाद, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. मी धड्यात आता असं लिहिलंय, बघा आणि सांगा:

'कापडाचा कोपरा उचलून किनार आडव्या कडेला जुळवावी. जी घडी पडेल ती उरेब रेघ होय. त्या रेघेला समांतर सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्या आखून कापाव्यात. पट्टी नुसती तिरपी कापू नये, उरेबच कापावी. दोन पट्ट्या जोडताना सुलट बाजू आतल्या अंगाला ठेवून काटकोनात ठेवाव्यात आणि शिलाई तिरकी मारावी. पट्टी ताणून गळ्याला लावावी.'

'शिलाई तिरकी' ठेवलंय, लातूरवाल्यांचा मान म्हणून. ताई म्हणाल्या चालेल.

सुईदोरा

छान झालंय, फक्त शेवटची ओळ बदल. 'ताणून लावावी' लिहिलंस तर नवीन बायका जोर लावून ओढतात आणि गळा गोळा होतो. 'वळणावर अगदी हलका ताण देऊन लावावी, खांद्यावर ताण देऊ नये' असं लिही. आणि लावून झाल्यावर वळणाच्या शिलाई-मार्जिनला आतून अर्ध्या अर्ध्या इंचावर कात्रीने छोटे काप द्यायला सांग, शिलाईपर्यंत जायचं नाही, नाहीतर पट्टी उलटल्यावर आत गठ्ठा राहतो. पट्टीचे जोड खांद्याच्या शिलाईवर येऊ देऊ नकोस, तिथे आधीच कापड जाड असतं, सुई मोडते.